दवाखान्यातला रुग्णांचा डेटा कुठून गळतो आणि तो कसा अडवायचा

दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम, तळमजल्यावर पॅथॉलॉजी लॅब, मागच्या खोलीत एक्स-रे आणि सोनोग्राफी, काउंटरवर एक कॉम्प्युटर आणि दवाखान्याचा एक मोबाइल. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत रुग्णांची माहिती अशाच ठिकाणी साठते. तिथे ‘आयटी विभाग’ नसतो. नव्याने लागलेल्या मॅनेजरवर, लॅब टेक्निशियनवर किंवा डॉक्टरांवरच हे काम येऊन पडतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे. क्रम मुद्दाम लावला आहे: जिथे एका चुकीत सगळ्या रुग्णांचा डेटा उघडा पडतो, ते आधी.

आधी एक कोरा कागद घ्या

साधा सीबीसीचा (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट निवडा आणि तो कुठून कुठे जातो ते बाण काढून लिहा. काउंटरवर नाव आणि नंबर घेतला. मशीनने मोजणी केली. आकडे केबलने लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. पीडीएफ झाली. ती काउंटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडली. व्हॉट्सॲप वेबवरून रुग्णाला गेली, पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही गेली. दवाखान्याच्या मोबाइलमध्ये एक प्रत राहिली आणि त्याच्या बॅकअपमध्ये आणखी एक. एक प्रिंट फाइलला लागली, एक बिघडलेली प्रिंट टोपलीत गेली.

आता प्रत्येक बाणावर दोन गोष्टी लिहा: वाटेत हे कोण वाचू शकतं, आणि पोचल्यावर ही प्रत कोण पुसतं. ज्या प्रतीपुढे पुसणाऱ्याचं नाव लिहिता येत नाही, तिच्यावर लाल खूण करा. असाच कागद एका एक्स-रेचा आणि एका भरती झालेल्या रुग्णाचा करा. तास-दीड तासाचं काम आहे, पण ते टाळून थेट अँटीव्हायरस विकत घेणाऱ्यांचा पैसा बहुधा चुकीच्या जागी जातो.

राउटरचं बाहेरचं दार

ग्रीनबोन या जर्मन सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये जगभरचे असे पॅक्स सर्व्हर शोधले, जे इंटरनेटवर कुणालाही पासवर्डशिवाय उघडता येत होते. पॅक्स म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवणारी यंत्रणा. पुढच्या अहवालात भारतातल्या राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. हे सर्व्हर कुणी फोडलेले नव्हते. ते उघडेच होते.

याचं कारण डायकॉममध्ये आहे. प्रतिमा ज्या पद्धतीने एका यंत्रातून दुसऱ्यात जातात ती ही पद्धत, आणि ती दवाखान्याच्या आतल्या तारेवर चालेल असं गृहीत धरून बनलेली आहे. मूळ मांडणीत तिला पासवर्ड नाही आणि कूटबद्धताही (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं रूप) नाही. दोन यंत्रं एकमेकांना ओळखतात ती ‘एई टायटल’ नावाच्या, जास्तीत जास्त १६ अक्षरांच्या नावावरून, आणि बरेच पॅक्स समोरून कोणतंही नाव आलं तरी स्वीकारतात. गावातल्या सीटीचं रिपोर्टिंग पुण्यातल्या रेडिओलॉजिस्टकडून करून घ्यायचं ठरलं की सॉफ्टवेअर बसवणारा माणूस राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून देतो, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट आतल्या यंत्रापर्यंत नेणारं दार (पोर्ट) उघडतो. काम सुरू होतं, सगळे खूश होतात आणि ते दार कायमचं उघडं राहतं.

तपासायचं असं. राउटरच्या पानावर लॉगिन करा (पासवर्ड अजून कारखान्यातून आलेला ‘admin’च असेल तर तो याच क्षणी बदला) आणि पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर नावाचा भाग उघडा. तिथली प्रत्येक ओळ लिहून घ्या. १०४ आणि ११११२ हे डायकॉमचे पोर्ट. ८०४२ म्हणजे ऑर्थँक या मोफत पॅक्सचं वेबपान. ३३८९ म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप. यांपैकी काहीही बाहेर उघडं दिसलं तर ती ओळ बंद करायची आहे. मात्र आधी व्हेंडरला विचारा, नाहीतर रात्रीच्या अपघाताच्या केसचं सीटी रिपोर्टिंग अडकेल. यूपीएनपी हा पर्यायही बंद करा, कारण तो चालू असला की आतलं एखादं यंत्र स्वतःहून दार उघडून घेतं.

एक सोपी खूण: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला सामाईक पत्ता दिलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्ड तसाही चालणार नाही. उलट कुणी आग्रहाने ‘स्टॅटिक आयपी’ (कायमचा, न बदलणारा पत्ता) घ्यायला लावला असेल, तर तो कशासाठी वापरला जातो ते विचाराच. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून त्या पत्त्यावर ब्राउझर उघडून पाहा. लॉगिनचं पान जरी दिसलं, तरी ते जगाला दिसतं आहे.

पर्याय आहे व्हीपीएन, म्हणजे ठरलेल्या उपकरणांनाच आत येऊ देणारी कूटबद्ध वाट. वायरगार्ड हे व्हीपीएन मोफत आहे, त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो (नेहमीचा ५१८२०), आणि योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, म्हणून शोधणाऱ्या यंत्रांना तो दिसत नाही. रेडिओलॉजिस्टच्या लॅपटॉपसाठी एक किल्ली, दुसऱ्या डॉक्टरसाठी दुसरी. करार संपला की ती एक किल्ली काढायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

आतली तार आणि वायफाय

लॅबचं मशीन सॉफ्टवेअरला निकाल पाठवतं ते बहुधा एचएल७ किंवा एएसटीएम पद्धतीने, आणि दोन्ही साध्या मजकुरात. त्याच नेटवर्कवर बसलेला माणूस वायरशार्कसारखं मोफत सॉफ्टवेअर लावून नाव, वय, तपासणी आणि निकाल वाचू शकतो. मशीन सिरियल केबलने थेट कॉम्प्युटरला जोडलेलं असेल तर धोका कमी. ती केबल काढून वायफाय कन्व्हर्टर लावू नका. भिंतीला भोक पाडून लॅनची तार ओढणं जास्त चांगलं.

वायफायबद्दलची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो, आणि तो माहीत असलेला माणूस दुसऱ्याचं उपकरण जोडलं जातानाची देवाणघेवाण पकडू शकला, तर त्या उपकरणाची पुढची वाहतूकही उलगडू शकतो. म्हणजे वेटिंगमधल्या नातेवाइकाला ‘तेवढा वायफायचा पासवर्ड सांगा’ म्हटल्यावर सांगितला, की लॅबच्या डेटाची किल्लीच दिली. त्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा आणि ‘पाहुण्यांना आतली उपकरणं दिसू देऊ नये’ हा पर्याय चालू ठेवा. राउटर घेत असेल तर त्यापुढची डब्ल्यूपीए३ पद्धत निवडा. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. कामाच्या वायफायचा पासवर्ड कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी बदला.

एक्स-रे किंवा सीटीच्या मशीनमध्ये विंडोज ७, कधी एक्सपीसुद्धा निघतं, आणि कंपनी ते अपडेट करू देत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना जो तडाखा दिला, त्यातली त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्ये दिलं होतं. ते न बसलेली यंत्रं सापडली. जे यंत्र अपडेट होऊच शकत नाही, त्याला वेगळं ठेवणं एवढाच उपाय उरतो. व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं) करता येणारा स्विच काही हजार रुपयांत मिळतो आणि नेटवर्कचं काम करणारा माणूस अर्ध्या दिवसात लावून देतो: मशीन फक्त पॅक्सशी बोलेल, काउंटरच्या कॉम्प्युटरशी नाही, इंटरनेटशी तर नाहीच. तोपर्यंत तात्पुरतं म्हणून मशीनच्या नेटवर्क सेटिंगमधला गेटवेचा (बाहेर जायच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवा. त्याने इंटरनेट तुटतं, पण आतून येणारा व्हायरस अडत नाही, हे ध्यानात असू द्या. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे कागदावर काम चाललं, तेव्हा सरकारने संसदेत सांगितलेलं कारण नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते हेच होतं.

रिपोर्ट पाठवताना

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, रोज होतात, आणि त्याला हॅकर लागत नाही.

सुरुवात नोंदणीपासून करा. काउंटरवर दिलेला नंबर बऱ्याचदा रुग्णाचा नसतो. नवऱ्याचा असतो, शेजारच्या मुलाचा असतो, गाडी करून आणणाऱ्याचा असतो. म्हणून फॉर्मवर दोन रकाने वाढवा: ‘हा नंबर कोणाचा?’ आणि ‘या नंबरवर रिपोर्ट पाठवू का?’ दुसऱ्याचं उत्तर रुग्णाकडूनच घ्या, सोबत आलेल्याकडून नाही. नंबर जुना असेल तर पुन्हा विचारा. बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि तुमच्या यादीत तो अजून जुन्याच रुग्णाच्या नावावर असतो.

पाठवताना दोन टप्पे ठेवा. आधी फक्त एवढंच: ‘लॅबमधून. रिपोर्ट तयार आहे. पावती क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाठवा.’ बरोबर आकडे आले की मगच फाइल. एक अंक चुकून गेलेला मेसेज असा वाटेतच थांबतो. फाइलच्या नावात रुग्णाचं नाव आणि तपासणी दोन्ही ठेवू नका, कारण फाइलचं नाव लॉक असलेल्या मोबाइलच्या पडद्यावरही दिसतं. पावती क्रमांक पुरे.

पीडीएफला पासवर्ड लावणं चांगलंच, पण तो कसा निवडता यावर सगळं आहे. जन्मतारीख हा पासवर्ड ठेवला तर शंभर वर्षांच्या मिळून साधारण ३६,५२५ तारखा होतात. साधा लॅपटॉप त्या थोड्याच वेळात तपासून संपवतो. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष हे त्याहून वाईट, कारण नाव तर मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून पावतीवर प्रत्येक वेळी नवा, आठ-दहा अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड छापून घ्या. तो कागद रुग्णाच्या हातात राहतो आणि फाइल मोबाइलने जाते, दोन्ही एका वाटेने जात नाहीत. पासवर्ड त्याच चॅटमध्ये पाठवायचा असेल तर तो लावण्याचा उपयोग नाही.

व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत वाचता येत नाही, कारण तो दोन्ही टोकांमध्ये कूटबद्ध असतो. गळती टोकांवर होते. दवाखान्याच्या मोबाइलवर या गोष्टी एकदाच करून ठेवा:

- चॅट्सच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद. नाहीतर जखमेचे फोटो गॅलरीत जातात आणि गॅलरीतून गुगल फोटोजवर.
- चॅट बॅकअपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू. हे आपोआप चालू असेल असं धरू नका. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मिळेल, ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. हरवली तर बॅकअप कुणालाच उघडता येणार नाही.
- सहा अंकी टू-स्टेप पिन.
- डिसॲपिअरिंग मेसेज ७ दिवसांवर.
- दर सोमवारी लिंक्ड डिव्हायसेस पाहणं. सोडून गेलेल्या रिसेप्शनिस्टच्या घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब चालूच असण्याची शक्यता खरी आहे.

डॉक्टरांच्या ग्रुपवर एक्स-रे टाकून मत विचारणं थांबणार नाही, थांबवायचं कारणही नाही. त्याने जीव वाचतात. पण प्रतिमेच्या कोपऱ्यात नाव, वय आणि दवाखान्याचं नाव छापलेलं असतं. ते कापून टाका. नुसती रेघ मारू नका, काही ॲपमध्ये हायलाइटरची काळी रेघ उजेड वाढवला की पारदर्शक होते. डायकॉम फाइल जशीच्या तशी पाठवली तर प्रतिमेवर काही दिसत नसलं तरी फाइलच्या पोटात नाव (टॅग ००१०,००१०) आणि जन्मतारीख (००१०,००३०) असते. व्ह्यूअरमधला ‘अनॉनिमाइज’ पर्याय वापरा आणि सोनोग्राफीत प्रतिमेवरच उमटलेलं नाव त्याने जात नाही, हे तपासून मगच पाठवा.

काही लॅब लिंक पाठवतात. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट, त्यात एचआयव्हीचेही, इंटरनेटवर कुणालाही दिसतील असे उघडे सापडले होते. तुमच्या सॉफ्टवेअरची तपासणी अशी करा: दोन खोटे रुग्ण नोंदवा, एकामागोमाग एक. पहिल्याची लिंक दुसऱ्या मोबाइलवर, इनकॉग्निटो खिडकीत उघडा. ओटीपी न मागता उघडली तर पहिला दोष. लिंकच्या शेवटी साधा क्रमांक असेल आणि तो एकाने वाढवल्यावर दुसरा खोटा रिपोर्ट उघडला तर दुसरा, आणि हा फार गंभीर. खऱ्या रुग्णांच्या क्रमांकांवर हा प्रयोग करू नका. दोष सापडला तर व्हेंडरला लेखी कळवा आणि तो दुरुस्त होईपर्यंत लिंक पाठवणं बंद ठेवा.

जे कधीच मोबाइलवर पाठवायचं नाही

एचआयव्हीचा निकाल, गर्भपाताची नोंद, मानसिक आजाराचे कागद. हे रुग्णाच्या हातात, समोरासमोर. एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्याने ही माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे आणि ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली घातलेल्या कलमानुसार स्त्रीचं नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ते रजिस्टर कुलपात ठेवायचं असतं आणि पाच वर्षं जपायचं असतं. काउंटरच्या कॉम्प्युटरवर त्याची एक्सेल फाइल ‘सोयीसाठी’ केलेली असेल तर ती आधी काढा.

सीसीटीव्हीचंही इथेच सांगतो. तपासणीच्या खोलीत, प्रसूतीगृहात, इंजेक्शन देतात त्या पडद्यामागे कॅमेरा नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. त्या बायकांना कॅमेरा आहे हे ठाऊक असून काही उपयोग झाला नसता. चित्रणच नसेल तर चोरण्यासारखं काही उरत नाही. बाकीच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला.

कॉम्प्युटर

प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. सगळे एकाच नावाने शिरत असतील तर काही घडल्यावर कुणी पाहिलं ते कधीच कळणार नाही. पडदा दोन मिनिटांत लॉक होईल असं ठेवा आणि उठताना विंडोजचं बटण व एल दाबायची सवय लावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ती यंत्रं बदलायच्या यादीत घ्या.

लॅपटॉप आणि सर्व्हरवर बिटलॉकर, म्हणजे सगळी डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजमधली सोय, चालू करा. चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा विंडोज पासवर्ड डिस्क काढून दुसरीकडे लावली की निरर्थक ठरतो, बिटलॉकर असेल तर डिस्क वाचता येत नाही. त्यासाठी विंडोज प्रो लागतं. ४८ अंकी रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा. ती त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली फार ठिकाणी दिसते.

व्हेंडरने दुरून कॉम्प्युटर चालवण्याचं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर कायमच्या पासवर्डने लावून ठेवलं असेल तर तो पासवर्ड काढा. काम असेल तेव्हा फोन करेल, तुम्ही परवानगीचं बटण दाबाल, काम संपलं की बंद.

बॅकअपसाठी दोन यूएसबी डिस्क, दोन्ही कूटबद्ध. एक आठवडा ही, एक आठवडा ती, आणि न वापरातली डॉक्टरांच्या घरी. जी डिस्क सतत जोडलेली असते ती रॅन्समवेअर मूळ डेटाबरोबरच बंद करून टाकतं. महिन्यातून एकदा बॅकअपमधून मागच्या महिन्यातला एक रिपोर्ट खरोखर उघडून पाहा.

टाकून देताना

बिघडलेल्या प्रिंटा रद्दीत जातात आणि रद्दीचा कागद गावात पुड्या बांधायला वापरतात. काउंटरखाली श्रेडर (कागदाचे तुकडे करणारं यंत्र) ठेवा, पण लांब पट्ट्या काढणारा नको. ४ बाय ४० मिलिमीटरचे तुकडे करणारा, पी-४ दर्जाचा घ्या. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून भंगारात देऊ नका, आतल्या चकत्यांना आरपार तीन-चार भोकं पाडा. झेरॉक्सच्या मोठ्या मशीनमध्येही डिस्क असते आणि भाड्याचं मशीन परत जाताना तिच्यात प्रती शिल्लक राहू शकतात. परत देण्याआधी ती पुसल्याचं कंपनीकडून लिहून घ्या.

गळती झालीच तर

पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली की आधी लॅनची तार काढा, वायफाय बंद करा. कॉम्प्युटर बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातात. मोबाइलने पडद्याचा फोटो घ्या. बॅकअपची डिस्क कोणत्याही परिस्थितीत जोडू नका. ओपीडीचे कोरे केसपेपर आणि लॅबचं हाताने लिहायचं रजिस्टर यासाठी आधीच एका कपाटात ठेवलेलं असावं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात गळतीची माहिती प्रभावित माणसांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब द्यायची आहे, मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

रुग्णाला कळवताना साध्या मराठीत, चार ओळींत कळवा: काय गेलं, कधी, आम्ही काय केलं, तुम्ही कोणत्या फोनपासून सावध राहायचं. ‘तुमच्या रिपोर्टबद्दल बोलतोय, औषधांचे पैसे पाठवा’ असे फोन अशा गळतीनंतर येऊ शकतात. आणि ज्या रुग्णांना वाचता येत नाही, त्यांना मेसेज न पाठवता फोन करा. नोंदणीच्या फॉर्मवर ‘नंबर कोणाचा’ हे लिहिलेलं असेल, तर फोन कोण उचलेल हे तुम्हाला आधीच माहीत असेल.